कैदेतून आलेली ताकीद

हळद शिजल्याचा वास आला की भोकरजवळच्या आमच्या मळ्यातली ती दुपार आठवते. नोकरीच्या नावाखाली परदेशात नेऊन दलालाने माझ्या चुलतभावाच्या हाती बंदूक दिली, आणि तो युद्धकैदी झाला. सहा महिन्यांनी छावणीतून पत्र आलं. हिंदीत, अक्षरही परक्याचं. “हे माझ्या लेकराचं न्हाई,” काकू म्हणाली. मी शेवटची ओळ वाचली: ‘बाबांना सांगा, दरवर्षीसारखी अंदाजाने हळद उतरवू नका, शिजली का ते काडी टोचून बघा.’ कढईपाशी उभे काका खदखदून हसले. “तिकडं बसून बी मलाच शिकवून राहिलाय! लिही त्याला, येऊन तूच टोच म्हणावं.” काकू रडता रडता हसली. दलालांविरुद्ध मी पुढे पुष्कळ पत्रकं लिहिली. राग बाजूला ठेवून लिहिलेलं मात्र त्या दिवशी भावाला धाडलेलं ते एकच उत्तर.