कोरडी नळी

कळमन्याच्या फळबाजारात मी संत्र्याचं कॅरेट कधी वरून पाहून घेतलं नाही. वर सगळेच चांगला माल लावतात. मी हात तळापर्यंत घालतो आणि फळ मऊ लागलं की तिथंच भाव पाडतो. खाप्याहून शहरात रिकाम्या हातानं आलेला मी याच हाताच्या जोरावर व्यापारी झालो आणि चाळिशीनंतर विमान उडवायला शिकलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं माझ्या विरोधात जातं.

आमचं शिकायचं विमान दोन माणसांचं. उडण्याआधी पंखाखालच्या झडपेला पारदर्शक नळी लावून थोडं इंधन काढायचं आणि उजेडात धरायचं. टाकीत पाणी जमलं असेल तर ते नळीच्या तळाशी दिसतं. तेच पाणी इंजिनात गेलं तर इंजिन हवेत बंद पडू शकतं. दोन महिने मी रोज पाहत होतो आणि इंधन रोज स्वच्छ निघत होतं.

लायसन्सची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. त्या सकाळी तपासणी अर्धी झाली आणि फोन वाजला. सौदा होता. बोलत बोलत विमानाभोवती फिरलो, समोरच्याला माझ्या भावावर आणलं आणि खुशीतच शिकवणाऱ्या मॅडमसमोर उभा राहिलो.

"इंधन पाहिलं?"

"पाहिलं."

त्यांनी हात पुढे केला. मी खिशातली नळी दिली. त्यांनी आत बोट फिरवलं, वास घेतला.

"ही कोरडी काहून आहे भाऊ?"

मग त्यांनीच दोन्ही पंखांखालून इंधन काढलं. एकदम स्वच्छ.

"बघा!" मी म्हणालो. "साफ आहे!"

"हो. पण हे मी पाहिलं."

त्यांनी माझ्या नोंदीत लिहिलं: तपासणी केल्याचे खोटे सांगितले, पंधरा दिवस उड्डाण बंद. 'खोटे' वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

"मी खोटं बोलून राहिलो का? मले खरंच वाटलं, पाहिलं म्हणून!"

"भाऊ, आवाज कमी करा गा," विमानाखालून मेकॅनिक म्हणाला. "मले वाटलं इंजिनच सुरू झालं."

मॅडमनी पेन उचललं. "मग 'विसरला' लिहू?"

"लिहा."

"तर दीड महिना."

"हा कुठला हिशोब?"

"खोटं बोलणाऱ्याले निदान माहीत असते, की आपण पाहिलं नाही. तुम्हाले तेही माहीत नव्हतं. तुम्ही आरामात वर गेले असते."

"तीन आठवडे."

"दीड महिना."

"एक महिना. आणि रोज येऊन तुमच्यासमोर नळी भरतो."

"ते तर कराच. दीड महिना."

"घ्या ना भाऊ पंधरा दिवस," मेकॅनिक म्हणाला. "परीक्षा तर वाचते."

त्याचं बरोबर होतं. पण मी खोटं बोललो नव्हतो. डोळे मिटले की नळीतलं ते निळसर इंधन मला स्पष्ट दिसत होतं. फक्त ते आदल्या दिवशीचं होतं. इतके दिवस तेच ते पाहून मी पाहणंच बंद केलं होतं, आणि मला पत्ताही नव्हता. तळापर्यंत हात घालणारा माणूस मी!

"विसरला लिहा," मी म्हणालो.

परीक्षा गेली. पुढची कितीतरी महिन्यांनी मिळाली, ती मी पहिल्या फटक्यात पास झालो. आता फोन गाडीतच ठेवतो. तपासणीच्या मध्ये कोणी नुसती हाक मारली, तरी पुन्हा पहिल्या चाकापासून सुरू करतो. लोक हसतात, हसू देत.

पण दीड महिना जास्तच होता, हे माझं म्हणणं कायम आहे. परवा सकाळी धावपट्टीकडे निघालो असता मॅडम भेटल्या, तेव्हा तोंडावर सांगितलं, "एक महिना पुरला असता."

त्यांनी हात पुढे केला.

मी नळी दिली. ओली होती.