पोर्टफोलिओसाठी चेन्नईतल्या दोन सकाळी

आमच्या सोलापुरात टॉवेल आणि चादरी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकांनी माझा अल्बम शेवटच्या पानापर्यंत पाहिला, हळूच मिटला आणि म्हणाले, "मॅडम, काम सुंदर आहे. पण तुमच्या फोटोतले सगळे नटलेले आहेत. मला आंघोळ करून केस पुसणारा माणूस पाहिजे. असं काही केलंय का?"

केलं नव्हतं. मी लग्नांचे फोटो काढते, आणि चांगले काढते. पण लाइफस्टाइल फोटोग्राफी म्हणजे माणसं रोजचं जगत असताना टिपायची, तसलं माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. कुणी काम देईल तेव्हा शिकू म्हणत बसलं तर ते काम कधीच येत नाही. मग आपल्याच खर्चाने, आपल्यासाठी शूट करायचं. मालकांना म्हटलं, "पुढच्या महिन्यात दाखवते," आणि घरी येऊन तिकीट काढलं.

चेन्नईच का, असं आईनेही विचारलं. सोलापुरात मी कॅमेरा उचलला की ओळखीच्या बायका पदर सारखा करतात, पुरुष पोट आत घेतात. सगळ्यांना मी लग्नातली प्राजक्ता म्हणूनच ठाऊक. चेन्नईत माझी कॉलेजातली मैत्रीण केतकी आहे. ती आयटीत, तिचा नवरा निनाद गुम्मिडिपूंडीच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. केतकी म्हणाली होती, "ये, आमचे काढ. आमच्या लग्नानंतर आमचा एकही धड फोटो नाही."

सोलापूरहून रात्री गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी जेवणाआधी चेन्नई सेंट्रल येतं. समोरचा रस्ता ओलांडला की पार्क टाउन स्टेशन आणि तिथून वेलचेरीची लोकल. ही गाडी बराच वेळ उंचावरून जाते, खाली कालवा, दोन्ही बाजूंना गच्च्यांवरची वाळत घातलेली धुणी. तिकीट कटिंग चहाच्या भावात. वेलचेरीला उतरून शेअर ऑटोत बसलं की केतकीच्या सोसायटीच्या फाटकाशी. कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना एकच सांगते: मुक्कामाच्या खोलीत एसी असेल तर बॅग बाहेर ठेवा. थंड लेन्स चेन्नईच्या हवेत नेली की तिच्यावर अशी वाफ धरते की बराच वेळ नुसतं पुसत बसावं लागतं. आणि जानेवारीतसुद्धा नऊनंतर बाहेरचं ऊन फार कडक होतं, तेव्हा जे काही करायचं ते त्याआधी.

पहिला दिवस वाया गेला. केतकीने घर घासून काढलं होतं. सोफ्यावर नवे अभ्रे, टेबलावर फुलं, निनादच्या अंगावर इस्त्रीचा लिनन शर्ट. सुट्टी टाकून बसला होता बिचारा. दोघं एकमेकांकडे बघून हसत होते आणि मी बटण दाबत होते. संध्याकाळी लॅपटॉपवर पाहिलं तर फ्लॅट विकायची जाहिरात. केतकीनेही मागून डोकावून पाहिलं.

"छान आलेत की," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "पण हे कोण आहेत?"

आम्ही दोघी खूप हसलो. मला मात्र तेव्हाच कळलं की उद्या काय करायचं. मी तिला म्हटलं, "सकाळी माझ्यासाठी काही करू नकोस. मी उठलेय हेसुद्धा विसर. नको वाटलं की हात वर कर, मी कॅमेरा खाली ठेवते."

निनादची कंपनीची बस उजाडायच्या सुमारास येते. गुम्मिडिपूंडी शहराच्या पार उत्तरेला, वेलचेरी दक्षिणेला. तो परत येतो तेव्हा केतकीचे परदेशी क्लायंटबरोबरचे कॉल चालू असतात. त्यामुळे नवरा-बायकोची खरी भेट होते ती सकाळी, स्वयंपाकघरात. मी फ्रीजला टेकून बसले होते. केतकीचे केस ओले, जुन्या विटक्या टॉवेलात गुंडाळलेले.

"कालचा डबा अर्धा परत आला," ती म्हणाली.

"मीटिंग लांबली."

"मग आज कमी देऊ?"

"नको. दे तेवढंच. संपवतो."

मग निनाद म्हणाला, "तिकडे कंपनीजवळ खोली घेण्याचं काय ठरवायचं? शनिवार-रविवार येईन."

केतकी डबा पुसत राहिली. मी कॅमेरा खाली घेतला. तिने हात वर केला नव्हता, पण हे माझ्या कानांसाठी नव्हतं. तशी ती वळून म्हणाली, "काढ गं. हेच तर आमचं रोजचं आहे." आणि निनादला म्हणाली, "खोली नको. मला ही सकाळ पाहिजे."

निनाद दाराशी बसून बूट घालायला लागला. केतकी त्याचं ओळखपत्र दातात धरून, दोन्ही हातांनी डब्याची पिशवी बांधत त्याच्यावर वाकली, टॉवेल सुटून तिचे ओले केस त्याच्या मानेवर पडले, आणि तो शहारून हसला. जिन्यातल्या खिडकीतून नुकता उजेड येत होता. तो फोटो काढल्यावर मला पडद्यावर तपासायचीही गरज वाटली नाही.

रविवारी केतकीने मला तिच्या ऑफिसातल्या वसंती मॅडमकडे पाठवलं. वसंती राव तंजावरच्या मराठी घरातली, वडिलांबरोबर एग्मोरला राहते. वेलचेरीहून ऑटोने आलंदूर आणि तिथून मेट्रोने थेट एग्मोर, हे सगळ्यात सोपं. स्टेशनाजवळच्या एका छोट्या मेसमध्ये पोंगल, म्हणजे तिथली मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, आणि फिल्टर कॉफी घेतली. तुपात तळलेले मिरे दाताखाली येतात ते पोंगल चुकवू नका.

वसंती माझ्याशी इंग्रजीतच बोलली. मराठी कळते, पण बोलायला लागलं की तमिळ तोंडात येतं, म्हणाली. तिचे अप्पा मात्र जुन्या वळणाची मराठी बोलत होते. "यावें, बसावें. तुम्ही सोलापुराहून आलांत? आमची मराठी तुम्हांस समजते की?"

"समजते. ऐकायला गोड वाटते," मी म्हटलं.

अप्पा अजून काम करतात, लोक त्यांच्याकडे सल्ल्याला येतात; कसल्या ते मुद्दाम लिहीत नाही. गेल्या वर्षापासून त्यांचे हात कापायला लागलेत. दाढी वसंती करते. त्या दिवशी बाल्कनीच्या दारात खुर्ची ठेवून, त्यांच्या गळ्याभोवती पांढरा टॉवेल गुंडाळून ती त्यांच्या गालावरून रेझर फिरवत होती. अप्पांनी मान मागे टाकून डोळे मिटले होते. वसंतीच्या कपाळावर, सुई ओवताना पडते तशी आठी. मी सात-आठ वेळा बटण दाबलं, आणि मला कळत होतं की मी इतकं चांगलं आजवर काही काढलेलं नाही. शिवाय टॉवेल चौकटीच्या अगदी मधोमध. मालक हे बघून काय म्हणतील तेही मला ऐकू यायला लागलं.

दाढी झाल्यावर अप्पांना फोटो दाखवला. त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवून बराच वेळ पाहिलं.

"फार बरें आलें आहे," ते म्हणाले. "परंतु हें बाहेर नको."

"अप्पा, तुमचा चेहरा किती शांत आलाय," मी म्हटलं.

"चेहरा नव्हे. लेक दाढी करते हें दिसलें की हात ठाऊक होईल." त्यांनी कॅमेरा माझ्याकडे सरकवला. "मज अजून काम करायचें आहे. लोक येतात ते विश्वासानें. हात कापतो म्हटलें की मग बोलणेंही कापतें, असें वाटतें त्यांस."

वसंती त्यांना तमिळमध्ये काही समजवायला गेली. त्यांनी "पोदुम," म्हटलं, म्हणजे पुरे, आणि ती रेझर पुसायला लागली.

तो फोटो सोडवत नव्हता, खोटं कशाला बोलू. पण वाद घालावासा वाटला नाही. घर त्यांचं, हात त्यांचा. मी म्हटलं, "पोर्टफोलिओत जाणार नाही. एक प्रिंट काढून पाठवू का, तुमच्यासाठी?"

"सेरी," म्हणजे ठीक आहे, ते म्हणाले आणि खुर्चीतून उठले. "हिचा एक घ्यावा. दर रविवारीं माझें सगळें करते आणि बसायचें विसरते."

वसंती नको नको म्हणत होती. अप्पांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि आत कॉफी गाळायला गेले. भांड्यांचा आवाज ऐकून ती उठायला निघाली, मग उठली नाही. खांद्यावर तोच ओलसर टॉवेल, पाय दुसऱ्या खुर्चीवर, मान मागे, चेहरा पंख्याकडे. दोनदा बटण दाबलं. ती मिटल्या डोळ्यांनी मराठीत म्हणाली, "आता पुरे हां." तिने माझ्याशी बोललेलं ते पहिलं मराठी वाक्य.

कॉफी अर्धी बशीत सांडून आली. आम्ही तिघांनी बशीतूनच प्यायली.

सोलापुरात परतल्यावर आठवडाभर फोटो निवडले. पहिल्या दिवसाचा एकही ठेवला नाही. मालकांनी नवा अल्बम पाहिला, केतकीच्या ओल्या केसांपाशी हसले आणि वसंतीपाशी थांबले. "ही बाई कशाने दमलीय?"

"रविवार आहे," मी म्हटलं.

त्यांनी अजून थोडा वेळ पाहिलं आणि शूट कधीपासून करता येईल ते विचारलं. पुढच्या महिन्यापासून त्यांच्या कामाला सुरुवात करते आहे. निनादने खोली घेतलेली नाही, निदान आजच्या तारखेला तरी.

वाचणाऱ्यांपैकी कुणी असा पोर्टफोलिओ करायला निघणार असेल तर लांबच्या ओळखीच्या घरी जा, पहिला दिवस वाया जाणार हे धरून चाला, आणि नाही म्हणायची मुभा आधीच देऊन ठेवा. ही मुभा होती म्हणूनच केतकी "काढ" म्हणाली, असं मला वाटतं.

अप्पांचा फोटो माझ्याकडे नाही. एकच प्रिंट काढली, कुरिअरने पाठवली आणि फाइल पुसून टाकली. हे लिहायच्या आधी मी त्यांना फोन केला होता. नावं बदलून लिहा, फोटो तेवढा नको, असं म्हणाले. प्रिंट कुठे लावली, असं विचारलं तर म्हणाले, "कपाटाच्या दाराच्या आंतल्या बाजूस. सदरा काढतांना मी पाहतों. आणि इस्त्रीचे ठेवतांना ती पाहते."