काइंडली म्हणणारे सगळे चोर

ईमेलपासून सावध कसं राहावं हे शिकवायला आमच्या कंपनीने दुबईहून ज्या तज्ज्ञाला बोलावलं, त्याचं पहिलं ईमेल आमच्यातल्या निम्म्या लोकांनी न वाचताच उडवलं होतं. वर लाल अक्षरांत ‘अर्जंट’, खाली मोठा चौकोन, आणि त्यात ‘आजच इथे क्लिक करा, नाहीतर तुमचं खातं बंद होईल’. ते त्याच्या ट्रेनिंगचं आमंत्रण होतं. मीटिंग रूममध्ये खुर्च्या रिकाम्या दिसल्यावर आमचे मॅनेजर टेबला-टेबलापाशी येऊन ‘यल्ला, यल्ला’ करत आम्हाला आत हाकत होते.

शारजाजवळच्या हमरिया फ्री झोनमध्ये आमची पाइप आणि फिटिंगची कंपनी आहे. मी तिथे शिपिंगची कागदपत्रं बघते. कुणीतरी कुरिअरचं बिल समजून एक फाइल उघडली होती, तिच्यातून व्हायरस शिरला आणि सगळे कॉम्प्युटर बंद पडले. माल गेटवर अडकला, ट्रकवाले शिव्या घालून गेले. एवढं झाल्यावर साहेबांना सुरक्षा आठवली आणि हा ट्रेनर आला. गोरा, तुकतुकीत, बुटात मोजे न घालणारा. मला त्या उघड्या घोट्यांचाच आधी राग आला, हे कबूल करते.

त्याने पडद्यावर चोर ओळखण्याच्या खुणा दाखवल्या. डिअर सर. काइंडली. डू द नीडफुल. रिव्हर्ट बॅक. प्लीज फाइंड द सेम अटॅच्ड हिअरविथ. ‘असं इंग्रजी दिसलं की समजा, दाल में कुछ काला आहे,’ असं तो इंग्रजीतून म्हणाला, मधले हिंदी शब्द खास आमच्यासाठी पाठ करून आला होता. आणि हसला. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. त्याच सकाळी मी भिवंडीच्या एका सप्लायरला पत्र पाठवलं होतं आणि त्यात त्या यादीतलं एकही रत्न सुटलेलं नव्हतं. आमच्याकडे भिवंडीपासून कराचीपर्यंत आणि राजकोटपासून मनिलापर्यंत सगळे एकमेकांना ‘काइंडली’च म्हणतात. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत आमच्या हेडक्लार्कने हे इंग्रजी रागावून रागावून अंगात मुरवलं होतं. या माणसाच्या हिशेबाने आम्ही सगळे चोर, आणि ऑक्सफर्डचं इंग्रजी लिहिणारे तेवढे साव, एवढीच त्याची अक्कल.

घरी हे तावातावाने सांगितलं तर इथेच वाढलेली माझी लेक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, ‘बट आई, ही इज नॉट राँग. नोबडी सेज काइंडली.’ तिचं शिक्षण कुणाच्या काइंडलीवर झालं, हे मी तिला सांगितलं. तिने हेडफोन लावला.

ट्रेनिंगनंतर मेलबॉक्समध्ये एक नवं बटण आलं. संशय आला की ते दाबायचं, मेल आपोआप नाहीसं होतं आणि ‘वेल डन’ अशी पाटी येते. शिवाय तो ट्रेनर स्वतःच अधूनमधून खोटी मेलं पाठवून आमची परीक्षा घेणार होता. फसलात की एक कार्टूनचा मासा येऊन नाचतो, तुम्हाला लहान मुलांचा व्हिडिओ बघावा लागतो आणि नाव साहेबांकडे जातं. पुन्हा फसलात तर वॉर्निंग लेटर. मोठ्या माणसांना असं वागवायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याने आयुष्यात कधी नोकरी टिकवायची धडपड केली नसणार.

माझ्यासमोरच्या टेबलावर बसणारा आमचा एक सहकारी साताऱ्याकडचा. शारजातून आम्ही एकाच गाडीने येतो-जातो, मला तो ताई म्हणतो. त्याच सुमारास त्याच्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, पुढच्या सोमवारी, पुण्यात. म्हातारी हट्टी. व्हिडिओवर मीही ऐकलं होतं तिला: ‘डॉक्टरला सांगितलंय मी, माझा थोरला आल्याबिगर टेबलावर चढणार नाही.’ त्याने इमर्जन्सी लीव्हचा अर्ज टाकला. मंजुरीशिवाय जाणं शक्यच नव्हतं. न सांगता गेलं की कंपनी ‘ॲबस्काँडिंग’, म्हणजे फरार झाल्याचा शिक्का, लावू शकते, मग नोकरी, व्हिसा, मुलांची शाळा, सगळंच खलास.

बुधवारी सकाळी तो खुर्चीतून उठलाच. ‘ताई, मिळाली रजा!’ पडद्यावर सुंदर, शुद्ध, घोटीव इंग्रजीतलं मेल होतं. तुमची तातडीची रजा मंजूर झाली आहे, या कठीण काळात आम्ही तुमच्या कुटुंबासोबत आहोत, तिकीट इथून घ्या. त्याने आधी आईला फोन लावला. ‘आई, येतोय गं.’ पलीकडून ती काहीतरी मोठ्याने म्हणाली आणि हा लहान पोरासारखा हसला. मग त्याने तिकिटासाठी क्लिक केलं.

मासा आला. डोळे मिचकावत नाचला. ‘ऊप्स! गळाला लागलात!’

ट्रेनरला म्हणे त्याच्या अर्जाबद्दल काहीच माहीत नव्हतं. आखातात माणूस कशावर हमखास क्लिक करतो, तर घरी जायच्या तिकिटावर, एवढं मात्र त्याला नेमकं माहीत होतं. हे आमिष त्याने सगळ्यांनाच टाकलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मॅनेजरांकडे गेले, तर ते म्हणाले, ‘मॅडम, टेस्ट है, पर्सनली मत लो.’ आणि लीव्हचं काय? ‘वो एचआर का है, मेरे हाथ में नहीं.’ बाहेर पार्किंगमध्ये उन्हात उभा राहून तो आईला पुन्हा फोन करत होता.

त्या दिवसापासून तो जो बावचळला, तो प्रत्येक मेलवर ते बटण दाबायला लागला. वॉर्निंग लेटर त्याला परवडणारं नव्हतं. गुरुवारी मी पोर्टवर गेले होते. परतताना गाडीत तो म्हणाला, ‘ताई, आज पुन्हा रजेचंच आमिष टाकलं होतं त्यांनी. पण या वेळी लगेच ओळखलं. नुसतं काइंडली-काइंडली. स्पेलिंगसुद्धा धड नाही.’ गाडीत सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

ते मेल खरं होतं.

आमची एचआरची मॅडम अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या घरून काम करते. तिने लिहिलं होतं: डिअर सर, काइंडली फाइंड द अटॅच लीव्ह ॲप्रूव्हल, काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक टुडे इटसेल्फ. त्या पडद्यावर दाखवलेली एकेक खूण तिने इमानदारीने गिरवली होती.

ट्रेनरने एकच शहाणपणाची गोष्ट सांगितली होती: शंका आली तर ओळखीच्या नंबरवर फोन करून विचारा. यानेही शुक्रवारी दिवसभर एचआरला फोन लावला. पलीकडे बासरी वाजत राहिली. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं अरबीत आणि इंग्रजीत ऐकून झालं की पुन्हा बासरी. मग शनिवार-रविवार. आईला तो सांगत राहिला, ‘इन्शाल्ला, उद्या नक्की.’ ती म्हणाली, ‘ते इन्शाल्ला बिन्शाल्ला मला नको सांगू, कधी निघतोस ते सांग.’

डॉक्टर थांबायला तयार नव्हते. सोमवारी इथे ऑफिस उघडलं तेव्हा तिकडे तिला आत घेतलं होतं. फोनवर एकदाची मॅडम आली. मी शेजारीच होते, स्पीकर चालू होता. ‘अरे, मैंने तो गुरुवार को ही भेजा था. आपने रिव्हर्ट नहीं किया, तो रिक्वेस्ट क्लोज हो गया.’ त्याने फक्त आईचं ऑपरेशन चालू आहे एवढं सांगितलं. मग तिने तिथल्या तिथे, फोनवरच रजा दिली. माझा चहासुद्धा निवला नव्हता. इतक्या वेळात होणारं काम होतं ते. संध्याकाळच्या विमानाने तो गेला, पण म्हातारी शुद्धीवर आलीच नाही.

दिवसकार्य उरकून तो परत आला. दोनच दिवसांनी ट्रेनर पुन्हा हजर, या खेपेला केक घेऊन. सगळ्यात जास्त संशयास्पद मेलं पकडणाऱ्याचा सत्कार होता, आणि मशिनने नाव काढलं होतं याचं. ते गुरुवारचं मेलही त्या गणतीत असणार, मशिनला काय कळतंय. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याला म्हटलं, ‘जाऊ नकोस पुढे.’ तो म्हणाला, ‘असू दे ताई, साहेब बघतायत.’

तो पुढे गेला. डोक्यावर नुकते कुठे खुंट फुटायला लागले होते. ट्रेनरने त्याचा तो गोटा बघितला आणि खूश होऊन टाळी दिली. ‘न्यू लुक! सूट्स यू, हबीबी!’

आम्हा भारतीयांच्या माना एकदम खाली गेल्या. एचआरची मॅडम त्या दिवशी मुद्दाम आली होती, ती केकची सुरी टिश्यूने पुसायला लागली. त्याने मात्र सर्टिफिकेट दोन्ही हातांनी घेतलं आणि आम्हा सगळ्यांना येतं त्या इंग्रजीत, अदबीने सांगितलं, ‘सर, माय मदर एक्स्पायर्ड.’

‘सॉरी,’ ट्रेनर हसत हसतच कान पुढे करून म्हणाला, ‘व्हॉट एक्स्पायर्ड? युअर पासवर्ड?’