महालक्ष्म्यांच्या आधीच्या गोळ्या

झाशीत आमची मराठी घरं आता थोडकीच उरलीत. त्यामुळे महालक्ष्म्या आल्या की माणसं कमी नि सोवळं जास्त. माझे गुडघे गेल्यापासून पुरणावरणाचा सगळा स्वयंपाक सुनेवर आला. ती चिरगाँवची, हिंदी बोलणारी. पण पुरण असं वाटायची, की मी खोट काढायला बसले तरी सापडायची नाही. मात्र पाळी आली की ती बाजूला, मग करणार कोण? त्यावर मी तोड काढली होती. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. नाक्यावरचा मेडिकलवाला भैया चिठ्ठीबिठ्ठी काही मागायचा नाही.

तिची पाळी मुळातच लहरी. तीन-तीन महिने यायची नाही, आली की पंधरा दिवस थांबायची नाही. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नव्हतं आणि तिला हवं होतं हो, फार हवं होतं. एकदा महालक्ष्म्यांच्या तोंडावर ती म्हणाली, "मम्मीजी, डॉक्टर को दिखा लूँ? बहुत जा रहा है."

मी फणकारले, "होतं बायकांना असं! आधी सण पार पडू दे." आणि गोळ्यांची पट्टी तिच्या हातावर ठेवली. रक्त थांबलं. मला वाटलं, वा, औषध लागू पडलं! मग नवरात्रात तेच, पुतण्याच्या मुंजीत तेच. अशी दोन वर्षं काढली. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते मी, दुसरं काय!

शेवटी ती भोवळ येऊन ओट्याशी पडली, तेव्हा मुलाने दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला वाढतं, त्याला आवर घालतं ते प्रोजेस्टेरॉन. हिचं बीज वेळेवर सुटत नव्हतं, म्हणून तेच शरीरात कमी पडायचं आणि अस्तर वाढतच गेलं. माझ्या गोळ्याही त्याच जातीच्या. पण चार दिवस घेऊन सोडल्या की रक्त तेवढं पुढे ढकललं जायचं, दुखणं आत तसंच. अस्तराचा तुकडा तपासला, तर पेशी बिघडू लागलेल्या. कॅन्सरच्या उंबरठ्यावर.

गर्भाशय वाचावं म्हणून बाईंनी सहा महिने तेच हार्मोन नीट मापात दिलं. उपयोग झाला नाही. प्रोजेस्टेरॉन धरून घेणारे रिसेप्टर असतात म्हणे पेशींत, ते हिच्यात फार कमी उरले होते. औषध पोचायचं, पण काम करायचं नाही.

मी विचारलं, "दोन वर्षं आधी आणलं असतं तर?"

"खात्रीने नाही सांगता येत," त्या म्हणाल्या, "पण तेव्हा आशा जास्त होती."

गर्भाशय काढावं लागलं. सून मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी भांडले असते, मग मोकळी रडले तरी असते.

यंदा महालक्ष्म्यांच्या आधी मी कॅलेंडरसमोर उभी राहून सवयीने तिच्या पाळीचे दिवस बोटांवर मोजू लागले. ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मम्मीजी, अब गिनने की ज़रूरत नहीं."

मेले मी तिथल्या तिथे. ती मात्र उठली, माळ्यावरची पेटी काढली. महालक्ष्म्यांपुढे त्यांची दोन बाळं बसवतो ना आम्ही, आजवर मीच मांडत आलेली, ती एकेक करून पदराने पुसली. मग मला मराठीत विचारलं, "यंदा मी मांडू?"