सिसिनाचा हातगुण

सिसिना जन्मली तेव्हा तिचं नाव तोम्मासो, म्हणजे मुलाचं, ठेवलं होतं. ते नाव आमच्या गल्लीनं जेमतेम सहा वर्षं वापरलं. मग एके दुपारी आईनं खिडकीतून "तोम्मासो, जेवायला चल" अशी हाक मारली, तर समोरच्या पायरीवर बाहुलीची वेणी घालत बसलेल्या पोरानं मानसुद्धा वर केली नाही. तळमजल्यावरची ब्रिजिदा तेव्हा नवी नवरी होती. ती ओरडली, "अगं, सिसिना म्हण तिला, मग बघ कशी धावत येते!" आईनं रागानंच तशी हाक मारली, आणि पोर धावत आलं. दोन दिवस आई तोंड फुगवून होती. तिसऱ्या दिवसापासून तीही सिसिना म्हणायला लागली.

नेपल्सच्या स्पॅनिश वस्तीत अशा माणसांना फेम्मिनिएल्लो म्हणतात. पुरुषाच्या देहात जन्मायचं आणि बाईच्या जिण्यानं जगायचं. प्रत्येक गल्लीला अशी एखादी असायचीच, जसा कोपऱ्यावर एखादा पाववाला असतो. म्हणून सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मात्र कुणी समजू नये. सिसिनाचा बाप मरेपर्यंत तिच्यासमोर बसून जेवला आणि तिच्याशी एक शब्द बोलला नाही. पोलीस दोन-चार वर्षांनी यायचे, उचलून न्यायचे, केस भादरून परत पाठवायचे. तेव्हा गल्लीतल्या बायका तिला आपापले रुमाल डोक्याला बांधायला द्यायच्या. एकदा तिच्याकडे एकदम सतरा रुमाल जमले होते, आणि ते परत कुणाचे कुठले यावरून नंतर जी भांडणं झाली ती पोलिसांपेक्षा भारी होती.

तिला घडवलं ते दोन्ना पेप्पानं. पेप्पा आधीच्या पिढीतली, तशीच. त्रेचाळीसच्या सप्टेंबरात जर्मन सैन्य शहरात होतं, तेव्हा रस्त्यात पलंग आणि कपाटं आडवी घालून लढणाऱ्यांत ती होती. तिनं सिसिनाला कातडी हातमोजे शिवायला शिकवलं, आणि तंबोला पुकारायलाही. नाताळच्या दिवसांत पेप्पाच्या एका खोलीच्या घरात तंबोला रंगायचा. आत फक्त बायका. पुरुषांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून माना वाकड्या करून ऐकायचं. टोपलीतून आकडा काढायचा, आमच्याकडे प्रत्येक आकड्याला अर्थ असतो, आणि त्या अर्थांची गोष्ट जागच्या जागी जुळवायची. "बावीस! वेडा! नऊ! त्याची बायको बाळंतीण झाली! नव्वद! भीती! पोराचं तोंड शेजाऱ्यावर गेलंय बायांनो!" सिसिनाच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की बाहेरचा शेजारी हळूच काढता पाय घ्यायचा.

फेब्रुवारीच्या दोन तारखेला पेप्पा तिला मोंतेव्हेर्जिनेच्या डोंगरावर घेऊन जायची. तिथं सावळी मारिया आहे, येशूची आई. सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी दोन पुरुषांचा एकमेकांवर जीव जडला म्हणून लोकांनी त्यांना त्या डोंगरावर बर्फात झाडाला बांधून ठेवलं, आणि तिनं उन्हाची एक तिरीप पाठवून त्यांना सोडवलं, असं सांगतात. तेव्हापासून आमच्या शहरातल्या अशा सगळ्याजणी डफ वाजवत, नाचत तिच्याकडे जातात. "बाकीचे संत जाब विचारतात," पेप्पा म्हणायची, "ही काळी आई कध्धी विचारत नाही."

आणि मग हातगुणाची गोष्ट. गल्लीत मूल जन्मलं की चाळीस दिवसांच्या आत ते फेम्मिनिएल्लोच्या हातात द्यायचं. तिनं त्याला दारात उजेडात न्यायचं, कपाळावर ओठ टेकायचे आणि म्हणायचं, "हसत राहा." का, ते कुणाला सांगता येणार नाही. देव ज्यांना दोन्हीकडचं थोडं थोडं देतो त्यांच्या हाताला गुण असतो, इतकंच आम्हाला ठाऊक. पेप्पा गेल्यावर हा मान सिसिनाकडे आला. ब्रिजिदाची नात ओर्नेल्ला तर भूकंपाच्या आठवड्यात जन्मली, ऐंशी साली. सगळी वस्ती रस्त्यावर, बाळंतीण एका उभ्या केलेल्या बसमध्ये. तीन दिवस ते बाळ सिसिनाच्या कोटाच्या आत होतं. आई दूध पाजायची आणि परत सिसिनाकडे द्यायची, कारण एवढी ऊब दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

ते दिवस सरले. हातमोजे यंत्रावर शिवले जाऊ लागले. पोरं मोठी झाली, लग्नं करून वर वोमेरोच्या टेकडीवर उजेडाच्या घरांत राहायला गेली. गल्लीत पर्यटकांना खोल्या भाड्यानं द्यायचा धंदा सुरू झाला. सिसिनाच्या हातात शेवटचं बाळ पडलं ते एक्याण्णव साली. पुढच्या एकोणीस वर्षांत एकही नाही. कुणी तिचा अपमान केला असंही नाही. भेटले की "काय मावशी, बरी आहेस ना?" म्हणायचे, गालाचा मुका घ्यायचे. फक्त बाळं यायची थांबली. ती कुणाला काही बोलली नाही. सांगून मिळालेल्या मानाला ती मान समजत नव्हती.

मग दोन हजार दहाच्या मेअखेरीस ओर्नेल्ला बाळंतपणानंतर वोमेरोहून आजी ब्रिजिदाकडे राहायला आली. नवरा जहाजावर होता. मुलगी झाली होती. सिसिना तेव्हा सत्तरीची. तिनं दारातली खुर्ची रस्त्याकडे तोंड करून मांडली, नवा एप्रन बांधला आणि वाट बघत बसली. ओर्नेल्ला बाबागाडी घेऊन समोरून गेली. गाडीवर जाळी.

"झोपलीय, मावशी," ती म्हणाली.

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा ती "झोपलीय, मावशी" म्हणत होती आणि आत बाळानं टाहो फोडला होता. सिसिना म्हणाली, "झोपू दे बाई, झोपू दे." आणि खुर्ची उचलून आत गेली. त्या दिवशी तिनं जेवण केलंच नाही.

अशात देबोरा आली. कॉलेजात शिकणारी, डोक्याच्या एका बाजूचे केस काढलेली, सिसिनासारख्यांच्या हक्कांसाठी मिरवणूक काढणाऱ्या प्राइडच्या मंडळातली. जूनमधली मिरवणूक मोठ्या रस्त्यानं जाताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाच मिनिटं थांबणार होती. पेप्पा आणि तिच्या वेळच्या सगळ्यांची नावं लिहिलेलं कापड तिथं फडकवायचं ठरलं होतं, आणि मंडळाची इच्छा अशी की सिसिनानं सर्वांत पुढं चालावं.

"कशाला?" सिसिना शेंगा मोडत म्हणाली.

"लोकांना दिसायला पाहिजे, मावशी, की आपण आहोत!"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? सत्तर वर्षं या दारात बसलेय. ज्याला दिसायचं त्याला दिसतेय. मी काय लपून बसले होते, की आता बाहेर पडू?"

"पण पेप्पाचं नाव…"

"पेप्पाचं नाव मला कापडावर वाचावं लागत नाही. जा, उन्हात उभी राहू नकोस, काळी पडशील."

देबोरा हिरमुसली होऊन गेली. पण खरं सांगायचं तर सिसिनाचा राग मिरवणुकीवर नव्हताच. ज्या गल्लीला आपल्या हातात मूल द्यावंसं वाटत नाही, तिच्या पुढं काय मिरवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

मिरवणुकीच्या दुपारी सगळी गल्ली खाली मोठ्या रस्त्याकडे लोटली. सिसिना एकटी दारात भोपळ्याची फुलं निवडत बसली. ढोल जवळ आले आणि थांबले. टाळ्या झाल्या. मग टाळ्यांमधूनच वेगळा गलका उठला, आणि देबोरा घामाघूम होऊन पळत आली.

"मावशी, चल! ब्रिजिदा आजीनं बाळ भलत्याच्याच हातात दिलंय!"

झालं होतं असं. ब्रिजिदाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ओर्नेल्ला अंघोळीला गेलेली बघून म्हातारीनं नातीची मुलगी शालीत गुंडाळली आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी जिना उतरली. सिसिना सर्वांत पुढं चालणार असं तिनं ऐकलं होतं. तरुणपणी एकदा कार्निव्हलच्या लुटुपुटूच्या लग्नात सिसिना नवरी झाली होती, तो पांढरा झगा म्हातारीच्या डोक्यात पक्का. त्यामुळे गल्लीच्या तोंडाशी उंचच उंच, पांढऱ्या झग्यातली, डोक्यावर जाळीदार ओढणी घेतलेली आकृती दिसताच तिनं बाळ पुढं केलं. "घे गं. हिची आई मोठी हट्टी आहे, पण मी आणलीच."

तो मिरवणुकीसाठी उत्तरेतल्या बोलोन्याहून आलेला लोदोविको होता. बँकेत नोकरी, वय बावन्न, छातीपर्यंत दाढी, दाढीत चमकी.

सिसिना सपाता घालूनच पोचली. लोदोविको पायरीवर बसला होता. तापलेलं भांडं फडक्याशिवाय धरावं तसं त्यानं बाळ धरलं होतं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. भोवती गल्लीचं न्यायालय भरलं होतं.

"गुण लागला की नाही लागला?"

"लागला, पण बोलोन्याचा लागला. पोरगी त्यांचं सॉसेज खात बसेल जन्मभर!"

ब्रिजिदा सिसिनाच्या हाताला चाचपत म्हणाली, "अगं, तू इथं? मग तो कोण?"

"तो दाढीवाला आहे, आजी!"

"असेल. सिसिनालाही सकाळी थोडी असायची."

तेवढ्यात ओर्नेल्ला आली, केसांतून पाणी गळत, पायांत चपला नाहीत. लोदोविको झग्यात पाय अडकून धड उठेना. "मी मागितलं नव्हतं हो, बाई," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "शपथेवर सांगतो, त्यांनीच दिलं." ओर्नेल्लानं मुलगी छातीशी घेतली. ब्रिजिदा मात्र सोडणारी नव्हती.

"आता अर्धवट ठेवू नकोस. सिसिनाकडे दे. तुला तीन दिवस कोटात कुणी ठेवलं होतं? डॉक्टरनं?"

ओर्नेल्लाचा चेहरा लालबुंद झाला. ती सिसिनाकडे बघेना. मग बघितलं. "वोमेरोतले लोक हसतात गं, मावशी," ती हळू आवाजात म्हणाली. "मी लाजले." आणि तिनं मुलगी पुढं केली.

सिसिनानं हात एप्रनला पुसले. दोनदा पुसले. बाळाचं वजन हातात आलं आणि एकोणीस वर्षं तिला नेमकं काय दुखत होतं ते तिला कळलं. तिनं मुलीला उजेडाकडे धरलं, कपाळावर ओठ टेकले. "हसत राहा," ती म्हणाली. बायका डोळे पुसत टाळ्या वाजवायला लागल्या. सिसिनाला मुलगी परत द्यायचीच नव्हती.

पण पायरीवरचा माणूस अजून रडत होता.

"तुला काय झालं रे?" सिसिनानं विचारलं. "कुणी रागावलं का?"

"नाही." त्यानं ओढणीनंच नाक पुसलं. "पहिल्यांदाच घेतलं."

"म्हणजे? घरात कुणाला पोरंबाळं नाहीत?"

"बहिणीला तीन आहेत. मोठा आता कॉलेजात जातो. मला… दारातूनच बघायची परवानगी होती. हात लावू नकोस म्हणाली होती."

"एकदासुद्धा नाही?"

त्यानं मान हलवली. सिसिना त्याच्याकडे बघत राहिली. सत्तर वर्षं ती समजत होती की आपल्यासारख्यांचा जन्म म्हणजे निदान एवढं तरी मिळतंच. पोलीस येतील, बाप बोलणार नाही, पण गल्लीतलं बाळ हातात येईल. ज्याला गल्लीच नाही त्याचं काय, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मागं रस्त्यावर हजारो माणसं उभी होती. तिनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं.

मग ती ओर्नेल्लाकडे वळली. बाळ तिनं लोदोविकोच्या दिशेनं जरासं पुढं केलं. ओर्नेल्लानं एकदा लोदोविकोकडे बघितलं आणि म्हणाली, "त्याला नीट धरायला शिकव आधी."

"सरक," सिसिना पायरीवर टेकत म्हणाली. "हात असा. दुसरा मानेखाली. मान सांभाळायची, बाकी सगळं ती बघते. घाबरू नकोस रे, तुटत नाही."

देबोरा गर्दीतून पुढं आली. "मावशी, पाच मिनिटं केव्हाच झाली. गाड्या अडकल्यात, पोलीस ओरडतायत. पुढं चल म्हणतात सगळे, तुझी वाट बघतायत."

"येते," सिसिना म्हणाली. "त्यांना म्हणावं, थोडं थांबा. इथं एक जण पहिल्यांदा बाळ घेतोय."

ओर्नेल्लानं मुलीचं टोपडं सरळ केलं आणि ओल्या केसांनीच लोदोविकोच्या दुसऱ्या बाजूला पायरीवर बसली.