बाळूचे पाय

“ऊठ रे जरा. बाळूला बसू दे. त्याचे कपडे चुरगळतील.”

सर असं म्हणाले आणि मी उठलो. इतक्या लगबगीनं उठलो की हातातला चहा सांडला. वर ‘सॉरी’ही मीच म्हटलं. कोणाला? बाळूला. बाळू म्हणजे कमरेएवढा बाहुला. कागदाच्या लगद्याचं डोकं, लाकडाचे पाय, पोटात चिंध्या.

वर्ध्यातल्या एका बंगल्याचा दिवाणखाना. आमचा प्रयोग नुकताच संपला होता. घरच्या मॅडम बाळूच्या गालावरून हात फिरवत रडत होत्या. “किती सोसलंस रे राजा!”

मी खुर्चीमागं उभा. सोसलं होतं मी.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता आपल्या गालाचा नंबर.

“भाऊ, त्या पेट्या टेम्पोत ठेवता का?”

ठेवल्या.

सर पुण्याहून आले होते. सामाजिक विषयांवर बाहुल्यांचं प्रायोगिक नाटक करायचं म्हणाले. बोरगाव मेघेच्या आमच्या बौद्ध वस्तीतून मी एकटा गेलो. पहिल्याच बैठकीत त्यांनी सगळ्यांना आयुष्यातला एकेक प्रसंग सांगायला लावला. मी आपला हसवायला म्हणून सांगितला. लहानपणी आईसोबत कापूस वेचायला गेलतो. तहान लागली. शेताची मालकीण ओट्यावर उभी. म्हणाली, “गुडघे टेक. ओंजळ धर.” टेकले. तिनं वरून धार सोडली. पाणी नाकात, कानात, चड्डीत. तोंडात तेवढं गेलं नाही. नाकात पाणी गेल्यावर कसा फुरफुरलो, तेही करून दाखवलं.

कोणी हसलं नाही. सरांचे डोळे भरले. “यावरच नाटक करू.”

आमच्या कामाची एक रीत आहे. एक बाहुला तिघं धरतात. डोकं, उजवा हात आणि आवाज सरांकडं. डावा हात कॉलेजातल्या एका पोरीकडं. पाय माझ्याकडं. डोक्यानं श्वास घेतला की हात हलतात, मग पाय. सरांना बोलायचं असतं, म्हणून त्यांचा चेहरा उघडा, कॉलरला माइक. आम्हा दोघांच्या तोंडावर काळं फडकं.

एकदा धीर करून विचारलं, “सर, आवाज मी देऊ का? माझंच हाय ते.”

“तुझा आवाज फार लोकल आहे रे. पण पाय काय खरे चालवतोस!”

मी मूर्ख, घरी पोचेपर्यंत खूश होतो.

मंचावर सर म्हणायचे, “माय वो, मले लय तहान लागून राह्यली वो.” एकेक शब्द पाकात बुडवून. माझी बोली त्यांच्या तोंडी, अन् माझ्या तोंडावर फडकं. जळायचो. सरांवर जळलो, ते समजण्यासारखं आहे. पण मी बाळूवर जळलो. लोक त्याच्यासोबत फोटो काढायचे, त्याचे मुके घ्यायचे. एकदा आसपास कोणी नाही बघून त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. गाल चेपला. मग सुटीचा अख्खा दिवस लगदा कालवून तो गाल मलाच भरावा लागला.

शेवट तर विचारूच नका. गुडघे टेकून पाणी प्यायल्यावर बाळू मालकिणीकडं बघून हसायचा. मी म्हटलं, मी कुठं हसलतो? सर म्हणाले, “प्रेक्षकाला आशा लागते.”

एका प्रयोगाला आई आली. टाळ्या पडल्या तशी मी फडक्यासकट वाकलो आणि ओटा म्हणून मांडलेल्या टेबलावर डोकं आपटून घेतलं. घरी आई म्हणाली, “ते सर लय चांगले बोलले. तू कुठं होता रे बाबू?”

“पायाजवळ.”

भाकर थापता थापता ती थांबली.

“इथंबी पायाजवळच ठेवलं तुले?”

मी हसलो. ती हसली नाही.

त्यानंतरचा प्रयोग आष्टीला. पाण्याचा प्रसंग आला. सरांनी श्वास घेतला, बाळूचं डोकं वाकलं. आता गुडघे टेकायचे. मी टेकले नाहीत. पाय ताठ धरून ठेवले. सरांनी पुन्हा श्वास घेतला. बाळू कमरेत मोडला, चिल्लर हरवल्यासारखा जमीन बघत राहिला. मला वाटलेलं, सभागृह हादरेल. लोक खो खो हसले.

“गुडघे!” सर दातांतून म्हणाले. माइक चालूच होता.

“नाई टेकत.” माझाही आवाज त्यातच गेला.

हसणं थांबलं. मी बाळूचे पाय वळवले आणि चालायला लागलो. पाय निघाले तर डोक्याला थांबता येत नाही, बाहुला फाटतो. सर वाकून मागं मागं आले. पार पडद्याआड.

तिथं त्यांनी बाळूला छातीशी धरलं. “हा हेवा आहे तुझा. दुसरं काही नाही.”

“हाय ना,” मी म्हटलं. “तुमचाबी करतो, याचाबी करतो. काऊन नाई करू? गोष्ट माझी, बोली माझी, गुडघे माझे. यात तुमचं काय हाय सर?”

“डोकं,” सर म्हणाले.

मी फडकं काढून त्यांच्या पेटीवर ठेवलं आणि बसस्टँडवर आलो.

बाळू त्यांच्याकडंच आहे. राहू दे. मी घरी नवा बाहुला केलाय. आईनं त्याला उलटासुलटा करून बघितला.

“याच्या गुडघ्यात सांधाच नाई रे. विसरला का?”

खरं सांगतो, एका पायाला विसरलो होतो. दुसऱ्याला मुद्दाम नाही ठेवला.

“मंग हा बसंन कसा?”

“नाई बसत तो. उभाच राह्यते. डोकं मी धरणार, आवाज माझा, तोंड उघडं.”

“अन् खुर्ची?” बंगल्यातली गोष्ट तिला माहीत होती.

“खुर्चीवर मी बसणार. अन् कोणी ऊठ म्हटलं, तं उठणार नाई.”