पदरातली वाळकी फुलं

बालाघाटच्या पायथ्याशी मोठी फुलांची बाग झाली, तेव्हा ती आईला दाखवायची मलाच हौस होती. तेलगावहून आम्ही दोघीच एसटीने गेलो. बारावीची परीक्षा संपली होती. मला फोटो काढायचे होते.

झेंडूच्या लांबलचक वाफ्यापाशी मी फोनमध्ये गुंतले आणि आई मागे राहिली. शिट्टी वाजली म्हणून वळून पाहिलं, तर रखवालदार तिच्यासमोर उभा होता आणि तिने पदरात काहीतरी धरलं होतं.

"ओ मावशी, पाटी दिसत न्हाई का? फुलं तोडायची न्हाईत."

"चांगलं फूल तोडलंच न्हाई मी. वाळकी तेवढी खुडली."

"सगळे असंच म्हणतेत. पदर सोडा बरं."

"देवाला हार करायचा असंल मावशीला," मागून कुणीतरी म्हणालं. माणसं हसली. त्यांत माझ्याच वयाच्या, छान कपडे घातलेल्या चारपाच मुली होत्या.

आईने पदर सोडला. तपकिरी, चुरगळलेली बोंडं हिरवळीवर पडली. एकही ताजं फूल नव्हतं. रखवालदारही जरा गोंधळला. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "सांग की गं यांना."

सांगण्यासारखं होतं. आमच्या शेतात झेंडू असतो. रोज सकाळी आई वाफ्यातून जाते आणि बोलता बोलता तिची बोटं वाळकी फुलं खुडत राहतात. ती झाडावर राहिली तर नव्या कळ्या कमी धरतात. खुडलेली फुलं तिने पदरात घेतली होती, कारण लोकांच्या हिरवळीवर कचरा कसा टाकायचा? एवढी दोन वाक्यं मला येत होती. पण ती बोलले असते तर आमचं शेत, आमचा वाफा, सगळं त्या मुलींसमोर आलं असतं.

मी म्हणाले, "सॉरी सर. तिला माहीत नव्हतं. पुन्हा नाही होणार."

शाळेत शिकवलेल्या स्वच्छ, नम्र आवाजात म्हणाले. रखवालदार लगेच निवळला.

"पोरगी शिकलेली हाय तुमची. तिला इचारून हात लावत जा, मावशी."

आईने खाली बसून सगळी बोंडं वेचली आणि कचरापेटीत नेऊन टाकली. मी तिथेच उभी राहिले. पुढची सगळी बाग तिने हात पदराखाली धरून पाहिली. गुलाब आले, शेवंती आली. "लई मोठी हाय बाग," एवढंच म्हणाली. एकदा मी फोटोसाठी बोलावलं, तर आली आणि सरळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न सांगता वाफ्यात गेले आणि तिच्या शेजारी वाळकी फुलं खुडायला लागले. तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ दे. हात काळे व्हतेत तुझे."

आवाजात राग नव्हता. मी खुडत राहिले. ती पुढच्या ओळीला गेली.